फॉर्मचे 10, झेरॉक्सचे 8

पहाटे 5.15

घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवर. सिलिंडर दोन महिने पुरला पाहिजे. ताई एका हातानं भाकर उलटते, दुसऱ्या हातानं मोबाईल वर सरकवते. गटप्रवर्तक बाईंचा मेसेज रात्री साडेअकराला आलाय: तीस वर्षांवरच्यांचे राहिलेले फॉर्म या आठवड्यात जमा करा. खाली जोडलेले तीन हात. "त्या तरी काय करतीन? त्याईले वरून येते," ताई म्हणते.

यवतमाळ जिल्ह्यातलं हजार-बाराशे वस्तीचं गाव. कपाशीचं. गावाचं नाव लिहायचं नाही, ही ताईची अट. "नाव छापलं का मले मंग कोनी काई सांगत नाई." तिचं स्वतःचं नाव आशा नाही. पण गेली पंधरा वर्षं ती आशा स्वयंसेविका आहे, म्हणून सारं गाव तिला आशाताईच म्हणतं. चिडली की सासूसुद्धा.

पिशवी भरते. वजनकाटा, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, लोहाच्या गोळ्या, शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी, फॉर्म, डायरी. डायरीत नावं नाहीत, घरांचे क्रमांक आहेत. कोणाच्या हाती लागली तरी काही कळू नये. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यात तीन किल्ल्या. घराला मात्र कुलूप एकच.

सकाळी 6.20

नोव्हेंबर आहे. वेचा सुरू आहे. आठ वाजले की गावात म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात, म्हणून गृहभेटी आत्ताच. घर क्रमांक 41. अंगणात बाई भांडी घासतेय, वय 34. ओसरीवर सासू बाजेवर बसलीय, कान इकडे.

या फॉर्मला गावात 'सीबॅक' म्हणतात. तंबाखू खाता का, दारू पिता का, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का. मग कंबर मोजायची. बायकांची 80 सेंटिमीटरपर्यंत असली तर शून्य गुण, 90 च्या वर गेली की दोन. पट्टी फिरते तशी सासू बाजेवरून ओरडते, "माही पन मोज वं, पाहू दे कोन जाड हाय!" तिघी हसतात. ताईला हे हसू हवंच असतं. कारण शेवटच्या पानावर दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? उदास, निराश वाटलं, असं किती दिवस? कधीच नाही म्हटलं तर शून्य, जवळजवळ रोज म्हटलं तर तीन. दोन्ही मिळून तीनच्या वर गेले की पुढे पाठवायचं.

पण छापलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला की उत्तर ठरलेलं. "नाई जी, बरं हाय." त्यातून सासू पाच हातांवर.

ताई पाणी मागत नाही, चहा मागते. "आजी, तुमच्या हातचा. गूळ टाकून." सासू उठते. गुळाचा चहा व्हायला दहा मिनिटं लागतात, एवढा ताईचा हिशेब आहे. त्या दहा मिनिटांत ती 'उदास' हा शब्द तोंडातूनही काढत नाही. झोप कशी येते? जेवण जाते का? पोरांवर हात उचलला जातो का हल्ली? करमते का?

बाई भांडं घासतच राहते. तेच भांडं. मग म्हणते, "रात्री दोनले जाग येते. मंग आडं मोजत पडतो." वऱ्हाडात बायाही 'पडतो', 'येतो' म्हणतात.

"रोज?"

"रोजच समजा."

चहा येतो. ताई शुगरच्या गोष्टी सुरू करते. पेन मात्र खाली, शेवटच्या पानावर, हळूच दोन ठिकाणी फिरतं. तीन आणि दोन. सासू विचारते, "काय निंघालं?" ताई सांगते, "रक्त कमी वाटते. सोमवारी दवाखान्यात येऊ द्या माह्यासोबत."

हे खोटं आहे का? मी तिला रस्त्यात विचारलं. "रक्त पन कमीच असन. तपासून घेऊ ना दोन्ही," ती म्हणाली.

सकाळी 8.40

वावरात. धुऱ्यावर पिशवी ठेवून ताईनं कमरेला ओढणी बांधली आणि पऱ्हाटीत शिरली. मी समजलो, भेट संपवून वेचायला लागली. तसं नव्हतं. हीच भेट होती.

शेजारच्या ओळीत घर क्रमांक 17. हिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. सातबारा सासऱ्याच्या नावावर, कर्ज सावकाराचं, चिठ्ठीवरचं. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर सरकारी मदत एक लाख असते: 30 हजार हातात, 70 हजार खात्यात ठेव. ती मिळायला प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं आणि त्याला कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. हिचं अपात्र झालं. आता निराधारचे महिन्याला 1500 येतात, आणि वेच्याचे किलोला 10 रुपये. हात चांगला चालला तर दिवसाला 40 किलो.

दोघी वेचतात. बोंडातून कापूस तीन बोटांनी निघतो, नखाशी कातडी फाटते. बोलणं ओळीच्या मधूनच चालतं. एकमेकींकडे पाहावं लागत नाही. घरी समोरासमोर बसलं की ही बाई गप्प होते, हे ताईला चौथ्या भेटीत कळलं होतं.

"पोरगा इचारते, बाबा कायनं मेले?"

"मंग तू काय सांगतलं?"

"अटॅक म्हनलं."

चार-पाच झाडं कोणीच बोललं नाही. मग ताई म्हणाली, "नऊ वर्साचा झाला ना? शाळेत त्याले कोनी ना कोनी सांगनच. तू सांगतलेलं बरं." पुढं पुन्हा नुसता वेचा. उपदेश एवढाच. बाकीचा अर्धा तास भाव, बोंडअळी, पोराची वही, बहिणीचं लग्न.

2015 साली राज्याच्या आरोग्य विभागानं शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. तेव्हा आशांना पहिल्यांदा यादी घेऊन घरोघर पाठवलं. ताई तेव्हा एक प्रश्न गाळायची: जीव द्यावा असं मनात येतं का? तिला वाटायचं, विचारलं की डोक्यात भरून द्यायचं पाप लागेल. प्रशिक्षणात सांगितलं की तसं होत नाही, उलट विचारल्यावर माणूस मोकळं होतं. पटलं नव्हतं. मग एका घरी विचारलं. तिथला माणूस तासभर बोलला. तो आजही आहे, बैलबाजारात भेटतो. आता ती सगळ्यांना विचारते, आणि तोंड न फिरवता विचारते.

ओढणीतला कापूस ताईनं 17 नंबरच्या गाठोड्यात ओतला. तीन-साडेतीन किलो असेल. काट्यावर तो हिच्याच नावावर चढणार. ताईच्या मोबदल्याच्या तक्त्यात या भेटीला रकाना नाही.

सकाळी 11.00

झेरॉक्सचं दुकान शेजारच्या मोठ्या गावात, अडीच किलोमीटर. ताई चालत निघते. छापील फॉर्म संपलेत. नवे येतील तेव्हा येतील. एका फॉर्मच्या चार बाजू, बाजूला 2 रुपये. भरलेल्या फॉर्मचे तिला 10 मिळतात. म्हणजे उरले 2. "त्यात चप्पल झिजते ते धरलं नाई," ती म्हणते आणि दहा फॉर्म काढते. 80 रुपये. दुकानदार 5 सोडतो.

सगळं जुळून आलं तर महिन्याला तेरा हजारांच्या आसपास. जुळून येणं हे एका महिन्याचं काम नसतं, मागचं पुढं येतं. 2024 च्या फेब्रुवारीत ती आशांच्या आंदोलनासाठी आझाद मैदानावर होती. मुंबई पहिल्यांदा पाहिली ती मैदानापुरती.

सकाळी 11.35

उपकेंद्र. भिंतीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलंय. गाव 'दवाखाना' म्हणतं. समुदाय आरोग्य अधिकारी पोरगी सत्तावीस वर्षांची, नर्सिंग शिकलेली, अमरावतीकडची. ताई डायरी उघडते, 41 वर बोट ठेवते. "तीन-दोन. सासूले मी रक्त म्हनलं." ती मान हलवते. सोमवारी हिमोग्लोबिन होईल, आणि पडद्यामागे नऊ प्रश्नांची दुसरी यादी. त्यात जास्त निघालं तर ग्रामीण रुग्णालय. तिथं जिल्ह्याची मानसिक आरोग्याची गाडी ठरल्या वारी येते: डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, नर्स. गाडीत सगळे असतातच असं नाही.

खर्च? 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. एसटीत बाईला अर्धं तिकीट. पण एसटी सकाळी एक आणि दुपारी एक. मधे काळीपिवळी, तिचे जाऊन-येऊन 80. आणि वेच्याचा दिवस बुडाला तर 400. फुकट औषधाचा हिशेब असा 480 वर जातो. ताई हे मोठ्यानं म्हणत नाही. ती सोमवार निवडते, कारण सोमवारी मोठ्या गावचा बाजार असतो. तिकडे जावंच लागतं.

दुपारी 12.50

घर क्रमांक 63. पन्नाशीचा माणूस, अकरा वर्षं गोळ्यांवर. त्याआधीची तीन वर्षं सैलानीच्या वाऱ्या झाल्या. बुलढाणा जिल्ह्यातला हा दर्गा. होळीच्या सुमाराला तिथं यात्रा भरते, आणि वेड लागलं म्हणून माणसं बांधूनसुद्धा आणली जातात. त्याची बायको अजून दर वर्षी नारळ नेते. ताई तिला अडवत नाही. "नारळ जाऊ दे. गोळी चुकू नको देऊ."

गोळ्यांच्या पट्ट्या मागून ताई रिकाम्या खिडक्या मोजते. एकोणतीस पाहिजेत, चोवीस आहेत. "पाच कुठी गेल्या?"

माणूस हात पुढे करतो. बोटं थरथरतात. "याच्यानं विळा धरता येत नाई."

ताईला याचं उत्तर माहीत नाही आणि ती तसं सांगते. पण लिहून घेते: हात कापते, पाच चुकल्या. डॉक्टरला हे सांगितलं की ते गोळी बदलतात किंवा सोबत दुसरी देतात, एवढं ती आठ वर्षांत पाहून शिकलीय. मागच्या महिन्यात सरकारी साठा संपला होता, बाहेरून 340 ची औषधं घ्यावी लागली. बायकोनं दुकानाची चिठ्ठी जपून ठेवलीय. कुठे दाखवायची ते तिला कोणी सांगितलेलं नाही. ताईलाही नाही.

दुपारी 2.10

भाकर, वांगं, कांदा. ताई भिंतीला टेकून पाय लांब करते. टाचांना भेगा. वीस मिनिटं झोपते, बसल्या जागी.

दुपारी 3.00

पैशाचं काम. एका घरी चौदा दिवसांचं बाळ: वजन, ताप, नाळ, दूध. ठरलेल्या सगळ्या भेटी झाल्या की 250. दुसऱ्या घरी आठवा महिना: तारीख, रक्त, गाडीचा नंबर. तिसऱ्या घरी टीबीची गोळी. हे सगळं दीड तासात उरकतं, कारण यात काय विचारायचं आणि काय लिहायचं ते ठरलेलं आहे. फक्त बाळंतिणीकडे ताई पाच मिनिटं जास्त थांबली. बाळ आजीकडे होतं आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "परवा येतो," ताई म्हणाली. परवाची भेट यादीत नाही.

संध्याकाळी 5.40

घर क्रमांक 8. ढोरं परत येतायत, रस्त्यावर धूळ. या घराचं नाव कुठल्याच फॉर्मवर यायचं नाही, कारण फॉर्म तिशीपासून सुरू होतो आणि पोरगा चोवीसचा आहे. बीए झालेला. पोलीस भरतीला तीनदा उतरला. पहिल्यांदा मैदानात राहिला, दुसऱ्यांदा लेखीत. तिसऱ्यांदाचं तो सांगत नाही. दोन महिन्यांपासून छपरीत झोपून असतो. धावायचे बूट खुंटीला.

आईनं बोलावलं, तेही किराण्याच्या दुकानात, साखर घेता घेता, ओठ न हलवता. तिची पहिली भीती वेगळी होती: "पोलिसाचं लफडं त नाई होत ना? भरतीत नाव खराब होईन." ताईनं तिथंच सांगितलं होतं: मदत मागितली म्हणून केस होत नाही. आणि 2017 च्या कायद्यानं, जीव द्यायला निघालेल्या माणसावर ताण होता असंच धरायचं, शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे.

ताई छपरीच्या दारात बसते. आत जात नाही. पाठ भिंतीला, तोंड अंगणाकडे. मला तिनं हातानंच दूर बसायला सांगितलं, म्हणून मी विहिरीच्या काठावर. काही ऐकू आलं, काही नाही.

पंधरा मिनिटं ती एकटीच बोलते. पाऊस, बैल, तिच्या स्वतःच्या पोराचा दहावीचा निकाल. मग गप्प. गप्प बसणं हे काम आहे असं मला आधी वाटलं नव्हतं. मी घड्याळ पाहत होतो: सात मिनिटं. या सात मिनिटांत ती मोबाईलला हात लावत नाही. आत बाज करकरते.

"तुमाले आईनं पाठवलं."

"हो."

"मले काई झालं नाई."

"बरं. झोप येते?"

"दिवसा येते."

पुढचं हळू आवाजात. एकदा ताईचा प्रश्न स्पष्ट ऐकू आला, कारण तो तिनं सरळ विचारला: "जगूच नाई, असं येते मनात?" उत्तर आलं नाही. अंगणात बकरी ओरडली. मग आतून एक शब्द आला, तो मी इथं लिहीत नाही.

ताई उठली नाही. आवाजही बदलला नाही. "कधीपासून?" तिनं विचारलं. जसं तापाचं विचारतात तसं.

नंतर तिनं पेन मागितलं. पोरानंच दिलं. भरतीच्या गाईडच्या मागच्या पानावर तिनं 14416 लिहिलं. केंद्र सरकारची 'टेली मानस', ऑक्टोबर 2022 पासून, दिवसरात्र, पैसे नाहीत. "पयले भाषा इचारते. मराठी म्हनायचं. मंग मानूस बोलते."

"तुमाले काय मालूम?"

"मी लावला व्हता."

"दुसऱ्यासाठी?"

"माह्यासाठी."

बाजेवर तो उठून बसला असावा. बाज पुन्हा करकरली. ताईनं कधी आणि का लावला होता ते मीही नंतर विचारलं नाही. तिनं सांगितलं असतं तर लिहिलं नसतं.

उद्या सकाळी दहाला तो तिच्यासोबत उपकेंद्रात येणार. 'येईन' म्हणाला नाही, 'पाहू' म्हणाला. तोवर रात्री आई छपरीत झोपणार, हे ताईनं आईशी ठरवलं. आणि बापाशी दुसरं.

संध्याकाळी 6.50

बाप गोठ्यात. ताई त्याला विचारते, फवारणीचं औषध कुठं ठेवता? तो बोट दाखवतो. गोठ्याच्या आड्यावर, सगळ्यांकडे असतं तसंच, अर्ध्या बाटल्या. हजाराची बाटली अर्धी राहिली तर कोणी टाकत नाही. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. तेव्हा चष्मे, हातमोजे वाटले. ते गोठ्यात पडून आहेत.

"पत्र्याची पेटी हाय घरी? कुलपाची?"

"लग्नातली हाय."

बाप काही विचारत नाही. पेटीतल्या जुन्या साड्या बायको बाहेर काढते. बाटल्या एकेक करून आत जातात. जुनं कुलूप, एकच किल्ली. तो ती हातात धरून उभा राहतो. खिशात घालू की काय, असं. ताई हात पुढे करते.

मग मला कमरेचा जुडगा कळला.

"फवारनी लागली तर?" तो विचारतो.

"तर घरी या. मी देतो. संध्याकाळी परत आना."

रात्री 8.00

बचत गटाची बैठक समाजमंदिरात. चौदा बाया, दर महिन्याला 100. हप्ते मोजून झाल्यावर ताईला दहा मिनिटं मिळतात. ती भाषण करत नाही. विचारते, या महिन्यात गावात कोण दिसलं नाही? वेच्याला नाही, नळावर नाही, हळदी-कुंकवाला नाही? बाया नावं सांगत नाहीत, घरं सांगतात. "पाराच्या मांगची." "टाकीजवळची बुढी." ताई मान हलवते. दोन क्रमांक डायरीत जातात. 41 ची सासूही बसलीय. ती उठताना ताईजवळ येऊन पुटपुटते, "सोमवारी मी पन येऊ का? मलेही रात्री झोप नाई."

रात्री 9.40

नवरा जेवून झोपलाय. ताई दिव्याखाली मोबाईलवर आकडे भरते: फॉर्म 3, बाळ 1, गरोदर 1, टीबी 1. बाकी दिवसाला भरायला जागा नाही, तो डायरीत. मग जुडग्याची कडी नखानं उघडते. उघडत नाही. चमच्याच्या टोकानं उघडते. पत्र्याच्या पेटीची किल्ली आत सरकवते. आता चार.

फोन वाजतो. 8 नंबरचा बाप. तुरीवर अळी पडलीय, सकाळी सहाला फवारायचंय. येऊ का?

"या," ताई म्हणते. "त्यालेही संग आना."